मोलकरीण पळवणाऱ्या यात्रेकरू मंडळींना खुलं पत्र

इंग्लंडातून १४१३ च्या शरद ऋतूत जेरुसलेमला निघालेल्या, लिन गावच्या मार्जरी केम्पला आधी आपल्या संगतीत घेतलेल्या आणि मग वाटेत टाकलेल्या समस्त यात्रेकरू मंडळींस,

नमस्कार.

'सप्रेम नमस्कार' लिहायला घेतलं होतं. पहिला शब्द खोडला.

तुमच्यापैकी कुणाचंच नाव कागदावर उरलेलं नाही, म्हणून 'मंडळी' अशीच हाक मारावी लागते आहे. तुमच्यात पाद्री होते हे नक्की. बाकीचेही खाऊनपिऊन सुखी असणार, कारण इंग्लंडातून जेरुसलेम करून यायचं म्हणजे वर्ष-दीड वर्ष घराबाहेर राहण्याइतका पैसा गाठीला हवा. मार्जरीला घरी परतायला १४१५ चा मे उजाडला.

वाटेत झालं ते वाटेतच राहील, असं तुम्हाला वाटलं असणार. मुलूख परका, भाषा परकी, साक्षीदार आपलेच. पण जिला तुम्ही टेबलाच्या शेवटच्या टोकाला बसवलंत, तिने म्हातारपणी सगळं सांगून टाकलं. तिला स्वतःला लिहिता येत नव्हतं. दुसऱ्यांना बसवून तिने ते लिहून घेतलं आणि १४३६ ते १४३८ च्या सुमारास एका पाद्र्याने ते नीट उतरवलं. मग ती चोपडी गडप झाली, तिची एक जुनी नक्कल थेट १९३४ साली चेस्टरफील्डजवळच्या एका घरात निघाली. पिंगपाँगचा चेंडू शोधायला कपाट उघडलं आणि जुनी बाडं अंगावर आली, असं सांगतात. आता ती ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेली आहे. तुमचं वागणं जगात कुणालाही वाचता येतं. मी पुण्यात बसून वाचलं.

मार्जरीला तुम्ही छळलंत त्याबद्दल विद्वानांनी भरपूर लिहिलं आहे, मी त्यात भर घालत नाही. मला विचारायचं आहे ते तिच्या मोलकरणीबद्दल.

तिचं नाव तुम्हाला ठाऊक होतं. तेरा आठवडे तर एकट्या व्हेनिसमध्येच तिला हाका मारत होतात. चोपडीत ते नाही. मालकीण स्वतःलाही 'हा जीव' एवढंच म्हणवून घेते, तेव्हा नावं गाळण्याची तिची रीतच म्हणावी तर तसंही नाही. तुम्ही टाकून दिल्यावर मालकिणीला इटलीतल्या बोलोन्यापर्यंत पोचवणारा पांढऱ्या दाढीचा विल्यम वीव्हर नावानिशी आहे, कुबडा रिचर्ड आहे, रोममधला जर्मन पाद्री वेन्सलाउ आहे. ही पोरगी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती 'मोलकरीण'. आमच्याकडे नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी जनी अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव ठेवून गेली, म्हणून ती आम्हाला ठाऊक. या पोरीला कुणी ओळ दिली नाही.

मी कोण, ते सांगते. माझी आजी तेरा-चौदा वर्षांची असताना काशीला जाऊन आली. ज्यांच्याकडे धुणीभांडी करायची त्या घरच्या म्हाताऱ्या जोडप्याला सोबत हवी होती. गावात याचं मोठं कौतुक झालं, पोरीचं नशीब बघा म्हणाले. परतल्यावर मालकांनी मावंदं घातलं, गावजेवण झालं, गंगेच्या गडूची पूजा झाली आणि त्या पंगतीची भांडी आजीनेच घासली. लहानपणी मी तिला विचारायची, काशीत काय पाहिलंस गं? ती म्हणायची, "घाट पाहिला. धुणं घेऊन दुसरीकडे कुठं जाणार?" बस्स, एवढंच तिचं काशीचं वर्णन. विश्वनाथ तिने पाहिला की नाही, हे मी कधी विचारलं नाही आणि आता ती नाही. मार्जरीच्या चोपडीत व्हेनिसपाशी आले, तेव्हा ते वाक्य दोनदा वाचलं आणि चोपडी मिटून ठेवली. त्या वाक्याकडे येतेच.

आधी झीलंड, म्हणजे आजच्या नेदरलँड्सचा किनारा. तुम्ही यार्मथला जहाजात बसलात आणि दुसऱ्या दिवशी झीरिकझे बंदराला लागलात. तिथून पुढे सगळी पायपीट. मार्जरीने चार वर्षं मांस आणि वाइन सोडलेली. जेवायला बसली की रडायची आणि ताटावर देवाच्या गोष्टी काढायची. अशा माणसाची संगत म्हणजे शिक्षा असते, हे मला मनापासून मान्य आहे. आमच्या यात्रेच्या बसमध्येही पहाटे चारला माईक हातात घेणारा एक जण असतोच. तुमचं डोकं उठलं याबद्दल तक्रार नाही. एकाने तर तिच्या तोंडावर, लवकरात लवकर सैतानाचं मरण येवो तुला, असं म्हणून घेतलं. तेही सोडा.

मग तुम्ही ठरवलंत की हिला आता आपल्याबरोबर न्यायचं नाही. तिचं सोनं तुमच्यातल्याच एकाकडे ठेवायला दिलेलं होतं. त्याने चिडून त्यातला एक नोबल, म्हणजे सोन्याचं एक नाणं, तिच्यापुढे टाकला, जा म्हणाला कुठे जायचं तिथे. आणि तुम्ही असंही म्हणालात की मोलकरीण आम्ही काढून घेणार, हिच्या संगतीत राहून पोरीची बाजारबसवी व्हायला नको.

मंडळी, इथे मी जरा थांबते, कारण इथे तुम्ही अब्रूची भाषा केली आहे. मार्जरी त्या वेळी चाळिशीची. चौदा बाळंतपणं झालेली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये नवऱ्याशी बोलणी करून तिने शय्या सोडल्याचं कबूल करून घेतलेलं, अंगावर घालायचे कपडे पांढरे असावेत म्हणून बिशपांच्या पायऱ्या झिजवलेल्या. अशा बाईच्या पंखाखालून काढून एका तरुण पोरीला तुम्ही कुठे ठेवलंत? तर जिथे शिव्या देणारे पुरुष, पैसे सांभाळणारे पुरुष आणि वाट ठरवणारेही पुरुषच दिसतात, त्या जथ्यात. अब्रूची ही काळजी मी आमच्या गावातही पाहिली आहे. 'पोरीला आमच्या घरीच राहू दे, तुमच्या वस्तीत काही खरं नाही' म्हणणाऱ्यांच्या घरी पोरीला पहाटे पाचला उठावं लागतं.

चोपडी आणखी एक गोष्ट सांगते आणि ती लपवून माझी बाजू मांडणं बरं नाही. मार्जरीने यापुढे आपल्यात राहू नये, असं म्हणणाऱ्यांत तिची स्वतःची मोलकरीणही होती. मालकिणीला ते फार लागलं. जर्मन मुलखातल्या कॉन्स्टन्सला पोचल्यावर ती पुन्हा सांगते की काहीही झालं तरी तुम्हाला सोडणार नाही, असं वचन या पोरीने दिलं होतं. वाचणारेही मग तिला बेइमान ठरवून पुढचं पान उलटतात.

पण त्या रात्रीचा हिशेब मांडून बघा. मालकिणीकडे एक नोबल उरलाय. बाकीचं सोनं तुमच्या पेटीत. रस्ता माहीत असलेले तुम्ही. मागे समुद्र, पुढे जर्मन मुलूख, त्यापुढे आल्प्स. एका बाजूला ओरडणारी मंडळी, दुसऱ्या बाजूला रडणारी बाई. आणि मधे पोरीला विचारतात, बोल, तुझं काय म्हणणं? आजीच्या मालकिणीचं आणि मालकांचं प्रवासात भांडण झालं असतं, तर आजीने तिकिटं ज्याच्या खिशात आहेत त्याच्याकडे बघितलं असतं. मीही बघितलं असतं.

आणि परत फिरायची सोय तरी कुठे होती? तुमच्याच देशाचे कायदे तुम्हाला आठवत असतील. १३४८-४९ च्या मोठ्या मरीनंतर कामाला माणूस मिळेना, मजुरी चढली, तशी सरकारने नोकरांना दावणीला बांधलं. १३४९ च्या वटहुकुमाने मुदतीआधी नोकरी सोडणाऱ्याला तुरुंग, आणि असा सुटलेला नोकर ठेवून घेणाऱ्यालाही तुरुंग. म्हणजे हाच उद्योग तुम्ही लिनमध्ये केला असतात, तर कायद्यात सापडला असतात. १३८८ साली केंब्रिजला भरलेल्या पार्लमेंटने आणखी एक खिळा ठोकला: नोकर, मजूर, मग पुरुष असो की बाई, आपला टापू सोडून जायचं तर शिक्कामोर्तब केलेलं पत्र हवं. त्या कायद्यात तीर्थयात्रेचा उल्लेख मुद्दाम केलेला आहे, 'यात्रेच्या निमित्ताने' म्हणूनही जायचं नाही. पत्र नसलं तर भर चौकात पाय खोड्यात. तुम्हाला मन झालं आणि तुम्ही निघालात. तिला मन झालं असतं तरी कुणाची तरी मोलकरीण होऊनच निघावं लागलं असतं.

पैशाचंही बोलून घेऊ. त्याच १३८८ च्या कायद्याने शेतावर राबणाऱ्या बाईला वर्षाला जास्तीत जास्त ६ शिलिंग द्यावेत असं ठरवलं होतं. प्रत्यक्षात कुणी वरती देतही असेल, पण सरकारच्या लेखी तिची किंमत ती. नोबल म्हणजे ६ शिलिंग ८ पेन्स. तुम्ही रागाने जे एक नाणं टाकलंत, ते अशा बाईच्या वर्षाच्या मजुरीहून मोठं होतं. कॉन्स्टन्सला पोपचा प्रतिनिधी असलेल्या इंग्रज धर्मगुरूने मार्जरीची बाजू घेतली, तेव्हा तुम्ही तिचे सुमारे २० पौंड त्याच्या हवाली केलेत आणि १६ पौंडांच्या आसपास दाबून ठेवलेत, असं ती म्हणते. १६ पौंड म्हणजे ३२० शिलिंग. शेतावरच्या बाईची ५३ वर्षांची मजुरी. एवढा पैसा गिळून वर पोरगीही ठेवून घेतलीत. चोपडीत सोनं आणि मोलकरीण एकापाठोपाठ येतात: हे दिलं नाही, तीही दिली नाही. मालकिणीच्या यादीत दोन्ही एकाच रकान्यात आहेत, तुमच्याही.

कॉन्स्टन्सपर्यंतच्या वाटेवर तुम्ही मार्जरीचा झगा गुडघ्याच्या जरा खाली येईल इतका कापलात, तिला गोणपाटासारखं पांढरं वस्त्र पुढे बांधायला लावलंत, खुळी दिसावी म्हणून, आणि सगळ्यांच्या खालच्या जागेवर टेबलाच्या टोकाला बसवलंत. हा प्रसंग मी अनेकांना सांगितला, सगळ्यांना मार्जरीची दया आली. माझी नजर टेबलावरच अडकली. शेवटची जागा हा जर अपमान, तर मोलकरीण कुठे होती? बसलेल्यांत तिला जागाच नसणार. वाढणारे हात कुणाचे होते, ते चोपडी व्हेनिसला पोचल्यावर सांगते.

बोलोन्याला तुमच्याआधी मार्जरी पोचलेली पाहून तुम्ही चाट पडलात. मग अट घालून तिला परत घेतलंत: जेवताना देवाचं नाव काढायचं नाही, आमच्यासारखं हसतखेळत बसायचं. व्हेनिसला तिने एकदा बायबलातलं एक वचन म्हटलंच, तुम्ही भडकलात आणि पुढचे सहा आठवडे ती आपल्या खोलीत एकटी जेवली. त्यात आजारी पडली, इतकी की आता मरते असं तिला वाटलं. आणि आता ते वाक्य. त्या सगळ्या आजारपणात, ती सांगते, मोलकरणीने मला तसंच टाकलं. ती मंडळींचा स्वयंपाक करत होती आणि त्यांचे कपडे धूत होती, जिची चाकरी करायचं कबूल केलं होतं तिच्याकडे मात्र बघत नव्हती.

मालकिणीने हे गाऱ्हाणं म्हणून सांगितलं. तिच्या नकळत त्यात पोरीचा दिनक्रम नोंदला गेला. आख्ख्या चोपडीत त्या पोरीच्या कष्टांची ही एकच नोंद.

तुम्ही व्हेनिसला १३ आठवडे होतात. तेरा आठवडे तुमच्यासारख्यांचा स्वयंपाक म्हणजे काय, ते मला बाजारापासून सुरू करून सांगता येईल. भाषा कळत नाही, नाणी वेगळी, मापं वेगळी. विकणाऱ्याने काय सांगितलं ते कळलं नाही तर घासाघीस कशी करायची, आणि नाही केली तर घरी येऊन हिशेब कोणाला द्यायचा? त्यात तुमच्यापैकी एकजण जेवण बेचव झालं म्हणणार, दुसरा लिनचे मासे आठवत बसणार. आता धुणं. लोकर धुतली जात नाही फारशी, पण अंगालगतचे लिनन सदरे, पाद्र्यांचे आतले झगे, पायमोजे, अंथरूण-पांघरूण हे सगळं धुवायचं. व्हेनिसमध्ये जिकडे बघावं तिकडे पाणी, पण ते खारं. गोडं पाणी चौकाचौकातल्या विहिरींत साठवलेलं, पावसाचं. ते शेंदून आणायचं. लाकडाच्या राखेचं पाणी करून त्यात कपडे मुरवायचे, त्या पाण्याने हाताची सालं निघतात. मग चोपायचं, पिळायचं, दमट हवेत वाळवायचं. मलमूत्राची भांडी कोणी उपसली, ते मी विचारत नाही.

आणि तुम्ही म्हणता तिला वाचवायला ठेवली.

पुढे गलबत. तुम्ही आपल्यासाठी गलबत ठरवलंत, वाइनची पिंपं घेतलीत, बिछाने घेतलेत, मार्जरीसाठी काही घेतलं नाहीत. तिने आपलं सामान आणून तुमच्यासमोर मांडलं आणि सांगितलं की मला दुसऱ्या गलबतातून जायची आज्ञा झाली आहे. तेव्हा घाबरून तुम्ही आपली पिंपं विकलीत आणि तिच्याच गलबतात चढलात. गंमत म्हणजे त्या गलबतातही तुमच्यातल्या एका पाद्र्याने तिची चादर आपली म्हणून लांबवली आणि वर हातातल्या पोथीची शपथ घेऊन तिलाच खोटारडी ठरवलं. त्या गलबतात राहणं कसं असतं, ते तुमच्यानंतर चार-पाच दशकांनी दोनदा जेरुसलेमला गेलेल्या विल्यम वे नावाच्या पाद्र्याने लिहून ठेवलं आहे. वरच्या मजल्यावर जागा धरा, खाली कोंदट उष्मा आणि घाण वास असतो, असा त्याचा सल्ला. अर्धा डझन कोंबड्यांचा पिंजरा बरोबर घ्या आणि त्यांना टाकायला बाजरीसारखं धान्य घ्या. कोंबड्यांना दाणे कोण टाकणार, त्या कापणार कोण, हे त्याने लिहिलं नाही. लिहायची गरज वाटली नसेल.

जेरुसलेमच्या प्रकरणांत त्या पोरीचा उल्लेखच नाही. येशूला क्रुसावर चढवलं त्या कालव्हरीच्या टेकडीवर मार्जरी कोसळून हंबरडा फोडते, पानंच्या पानं. येशूने चाळीस दिवस उपास केला त्या डोंगरावर चढायला तुम्ही तिला हात दिला नाहीत, तेव्हा एका मुसलमान माणसाने दिला, हे आहे. तिला तहान लागली हे आहे. मोलकरीण नाही. काशीच्या फोटोत आजी नाही, तशी.

आता मार्जरीबद्दलही बोलते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई एकतर्फी लिहिते. रोममध्ये वेन्सलाउने तिला एका गरीब म्हातारीची सेवा करायला सांगितली. सहा आठवडे केली तिने. पाणी आणलं, सरपण मानेवर वाहून आणलं, म्हातारीसाठी अन्न आणि वाइन मागून आणली. झोपायला बिछाना नाही, पांघरायला अंगावरचा झगा, उवा झाल्या. म्हातारीची वाइन आंबट निघाली की ती स्वतः प्यायची आणि स्वतःसाठी घेतलेली चांगली म्हातारीला द्यायची. सुंदर लिहिलं आहे ते, मला आवडतं. पण बघा, सहा आठवडे मोलकरीण झाली तर तिला सगळं दिसलं, सरपणाचं वजन, उवा, वाइनची चव. तिचं स्वतःचं सरपण आजवर ज्या पोरीने वाहिलं, तिच्या मानेबद्दल एक शब्द नाही. उतारवयात तिचा नवरा जिन्यावरून पडला, त्याला कशाचीच शुद्ध राहिली नाही, लहान मुलासारखा अंथरुणात सगळं करायचा. तेव्हा धुण्याने आणि पिळण्याने तिचा जीव मेटाकुटीला आला, सरपणाचा खर्च वाढला, देवाचं ध्यान करायला वेळ उरेना, असं ती सांगते. चोपडी लिहून घेताना हे धुणं तिला आठवलं. व्हेनिसचं धुणंही आठवलं, पण बेइमानीचा पुरावा म्हणून.

रोममध्येच तिला आणखी एक मोलकरीण भेटली. स्वीडनची संत ब्रिजिट १३७३ साली रोममध्ये वारली होती. तिची मोलकरीण अजून हयात होती. मार्जरी मुद्दाम तिला भेटायला गेली, बोली कळेना म्हणून दुभाष्या गाठला, आणि विचारलं, तुझी मालकीण कशी होती? ती म्हणाली, सगळ्यांशी प्रेमाने, नम्रपणे वागायची, आणि चेहरा हसरा. मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं, कारण घासलेल्या भांड्यांतून आणि धुतलेल्या कपड्यांतून माणूस जसा कळतो तसा कुठल्या प्रार्थनेतून कळत नाही. मार्जरीला हे ठाऊक होतं. संताची परीक्षा करायची तर मोलकरणीला विचारावं, एवढी तिची समज पक्की होती. फक्त हा प्रश्न आपल्या मोलकरणीलाही कुणी विचारेल, हे तिच्या मनात आलं नाही. तुमच्याबद्दल विचारेल, हे तुमच्या मनात आलं नाही.

मग आता तिचं पुढे काय झालं ते ऐका. तुम्हाला ते कळलं नसेल असं नाही, तुमच्यातला एक पाद्री रोममध्येच होता. इंग्रज यात्रेकरूंसाठी १३६२ साली उघडलेल्या संत थॉमसच्या धर्मशाळेत त्याने मार्जरीबद्दल नाही नाही ते भरवलं आणि तिला तिथून बाहेर काढायला लावलं. पुढे शहरात तिचं नाव झालं, तेव्हा धर्मशाळेच्या लोकांनी तिला सन्मानाने परत बोलावलं. ती गेली, तर तिथे तिची मोलकरीण. खाऊनपिऊन सुखात, धर्मशाळेच्या वाइनचा सगळा कारभार तिच्या हातात. 'न्यायाने जी अजूनही माझीच मोलकरीण असायला हवी होती', असं मार्जरी तिथेही म्हणून घेते. सवय कुठे जाते?

म्हणजे ती तुमच्याकडेही राहिली नव्हती. कधी सुटली, कशी सुटली, कोणत्या सकाळी तुमची कपड्यांची गाठोडी तशीच ठेवून त्या दारातून आत गेली, हे सांगायला तिच्यापाशी लेखनिक नव्हता. जिला बाजारबसवी होण्यापासून तुम्ही वाचवलंत, ती एका मोठ्या धर्मशाळेची जबाबदार बाई झाली. इंग्लंडात परत गेली असती तर मुदतीआधी चाकरी मोडली म्हणून कुणीही तिला कोर्टात खेचू शकलं असतं. रोममध्ये तिला कुणी विचारलं नाही की तू कोणाची.

मार्जरी तोवर सगळे पैसे वाटून भिकेला लागली होती. आपला नम्रपणा वाढावा म्हणून ती अधूनमधून या जुन्या मोलकरणीकडे जाऊन खायला-प्यायला मागायची. पोरगी खुशीने द्यायची. कधी कधी वर एक ग्रोटही. ग्रोट म्हणजे चार पेन्स; त्या ६ शिलिंगांच्या हिशेबाने वीस दिवसांची मजुरी. तुमचा फेकलेला नोबल आणि तिचा हा हातात ठेवलेला ग्रोट मी मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

एकदा मार्जरीने तिच्यापाशी मन मोकळं केलं. तू गेलीस तेव्हा मला किती जड गेलं, आपण वेगळ्या झालो म्हणून लोक मला काय काय बोलले. गाऱ्हाणं इथेही स्वतःच्याच बदनामीचं. पोरीने ऐकून घेतलं. खायला दिलं, प्यायला दिलं. परत यायला मात्र ती काही केल्या तयार झाली नाही. मार्जरीने हे सांगितलं, पाद्र्याने लिहिलं, दोघांनीही त्यावर काही म्हटलेलं नाही.

आजी काशीहून आल्यावर त्याच घरी आणखी आठ वर्षं होती. तिच्या वाटेवर धर्मशाळा पुष्कळ लागल्या, पण अशी एकही नाही.

मंडळी, माफी वगैरे मागा असं मी म्हणत नाही, ती घ्यायला कुणी उरलेलं नाही. मला एकच माहिती हवी आहे. रोमहून घरी जाताना पुन्हा तेच आल्प्स, तीच चिखलाची वाट, तेच सदरे आणि तेच पायमोजे.

तेव्हा तुमचे कपडे कोण धुत होतं?

आपली,
काशीला जाऊन घाट पाहून आलेल्या एका बाईची नात